डेन्मार्क, मनोरी

बाबल मेस्त्री रोज सकाळी डबा घेऊन
डेन्मार्कला जायचा.
चारकोपच्या बिल्डिंगीत सगळ्यांना हेच ठाऊक.
वॉचमन विचारायचा, आज व्हिसा आहे ना?
तो कानावरची पेन्सिल दाखवायचा
आणि मार्व्याला जाऊन बोटीत बसायचा.

काल त्याच्या बायकोला मी तिथं घेऊन गेलो.
माणशी साडेचारशे.
मला वाटलं होतं, गेटवर ओळखतील,
या गावाच्या विटा मी रंगवल्यात,
एकूण एक, स्पंजनं, दोन उन्हाळे.
पण गेटवरचा पोरगा नवा.
सुहासवहिनीनं पैसे मोजून दिले. माझेही.

मे महिना. लाल एप्रनातली एक मुलगी
लोकरीच्या टोपीखालचा घाम पुसत म्हणाली, वेलकम.
छपरावर फायबरचे करकोचे,
त्यातल्या एकाच्या पाठीवर खरा कावळा.
बेकरीच्या काचेला वहिनीनं नाक लावलं:
"गो बाय, हे तर आप्पे!"
आप्पेच ते. वर साखर भुरभुरलेली, बशीला दोनशे.
तिनं एक खाल्ला, एक रुमालात बांधला.

मग पवनचक्की. ती बाबलची.
वारा असो नसो, फिरते,
आत जुन्या वॉशिंग मशीनची मोटर आहे.
हे सांगणार होतो, सांगितलं नाही.
फोटोसाठी जमिनीवर पावलं रंगवलीत (मीच),
तिथं वहिनी उभी राहिली नाही.
सरळ मागं गेली.

मागं काय, आमचंच सगळं:
उघडं प्लायवूड, खिळ्यांची टोकं,
कुठल्याशा पौराणिक महालाची सोनेरी पट्टी
उलटी ठोकलेली.
आणि पेन्सिलीनं बाबलचं अक्षर.
साडेसात गुणिले चार, वजा पाऊण.
त्याखाली, तूप अर्धा किलो.
त्याखाली, सु. चष्मा, गुरुवारी.

वहिनीनं चष्मा काढला, पदरानं पुसला,
परत लावून वाचलं.
"गुरुवारी नव्हता मिळाला," म्हणाली.
"शुक्रवारी आणला."

टेकाडापलीकडं इनास परेराची वाडी.
पाटी: सफरचंदं, तुमची तुम्ही तोडा, किलोवर.
माझा विश्वास नव्हता.
सेटवरच्या झाडांना मी स्वतः
वाशीची सफरचंदं नायलॉननं बांधलीयत,
शॉट संपला की स्पॉटबॉय सोडून खायचे.
म्हणून पहिल्याच झाडाशी देठ चाचपला.
दोरा नव्हता.
फळ लिंबाहून थोडं थोर, हिरवट,
एका गालावर जेमतेम लाली,
आणि खाली मुंगळा, तोही खरा.

इनास म्हणाला, ओढायचं नाही.
तळव्यात घ्या, जरासं वर उचला, वळवा.
झालं असेल तर हातात येतं.
नसेल तर राहू द्या.

वहिनीनं घेतलं, उचललं, वळवलं.
नाही आलं.
तिनं हात काढला नाही.
मागं कुणाची तरी पोरं टोपली घेऊन खोळंबली,
इनास म्हणाला, बाई, ते दुसरं बघा, पिकलंय.
"असू दे," ती म्हणाली, "वजन बघतेय."

मी तीन तोडली, तिन्ही आंबट.
काटा पावशेराला टेकेना,
इनासनं पैसे घेतले नाहीत, उलट
विहिरीकडच्या झाडाचे पांढरे जाम
ओंजळभर वहिनीच्या पिशवीत ओतले
आणि म्हणाला, चक्की बांधणारा मेस्त्री
दुपारी इथंच जेवायचा, तुमचा कोण?
वहिनी पिशवीची गाठ मारत राहिली.
उत्तर मी दिलं.

परतीच्या बोटीत मासळीच्या टोपल्या, दोन स्कूटर,
आणि आम्ही.
वारा पडला होता. मागं चक्की फिरत होती.
वहिनीनं रुमाल सोडून पाहिला,
आप्पा पार चेपला होता,
साखरेचं पाणी झालेलं.
"नातू विचारेल, कुठला खाऊ?"
मनोरीचा म्हणून सांग, मी म्हणालो.
ती थोडा वेळ खाडीकडं बघत राहिली.
"छे. डेन्मार्कचा.
आजोबांच्या कामाजवळच मिळतो."